परका साचा, आपली ओतणी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी याच शाळेत शिकलो. इंग्रजी वाचनमालेतील धडा संपला की ते पुस्तक मिटावयास सांगत आणि विचारीत, "हीच गोष्ट आपल्या मावल्यात घडली असती तर कशी घडली असती?" मग लंडनच्या धुक्याच्या जागी आपल्या तळ्यावरचे पहाटेचे धुके येई, घोडागाडीच्या जागी बैलगाडी येई, आणि कोठेतरी गोष्ट अडे. ती जेथे अडे, तेथेच गुरुजींना खरा रस असे. "का अडली ते सांगा," असे म्हणून ते खडू खाली ठेवीत. या खटाटोपाला साहित्यशास्त्रात रूपांतर म्हणतात, हे मला पुढे महाविद्यालयात गेल्यावर कळले. परंतु त्याचे मर्म मी येथेच शिकलो होतो.

आजचा माझा विषय परदेशी दूरचित्रवाणी कार्यक्रमांचे आपल्या भाषेतील रूपांतर हा आहे. मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने असा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. मलाही तो पूर्वी हलकाच वाटत असे. तो तसा का नाही, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

साचा म्हणजे काय

ज्याला या व्यवसायात 'फॉरमॅट' म्हणतात, त्यासाठी मी 'साचा' हा शब्द योजतो. पुस्तकाचे भाषांतर होते तेव्हा मूळ मजकूर दुसऱ्या भाषेत येतो. साच्याचे तसे नसते. प्रश्नमंजूषेच्या साच्यात एकही प्रश्न परदेशातून येत नाही. येतात ते नियम : प्रश्न किती, पर्याय किती, मदत केव्हा मिळावी, चुकल्यास काय गमवावे. त्यांच्यासोबत मंचाची रचना, दिव्यांचा उतार-चढाव, पार्श्वसंगीत आणि सूत्रसंचालकाने कोठे थांबावे याचे संकेतही येतात. हे सारे एका जाड हस्तपुस्तिकेत लिहिलेले असते. तिला त्या व्यवसायात 'बायबल' म्हणतात. परवाना घेणाऱ्यास ही पुस्तिका मिळते, आणि बहुधा मूळ निर्मात्यांचा एखादा सल्लागारही काही दिवस येऊन राहतो.

येथे एक कायद्याचा प्रश्न उभा राहतो. कल्पनेवर कोणाची मालकी असते काय? न्यूझीलंडच्या प्रसारण संस्थेने आपल्या 'ऑपॉर्च्युनिटी नॉक्स' या कार्यक्रमाचे नाव, ठरावीक वाक्ये आणि टाळ्या मोजण्याचे यंत्र उचलले, असा दावा ब्रिटनचे सूत्रसंचालक ह्यूई ग्रीन यांनी लावला होता. १९८९ साली प्रिव्ही कौन्सिलने तो फेटाळला. आपल्याकडेही १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की कायदा नुसत्या कल्पनेला नव्हे, तर तिच्या विशिष्ट आविष्काराला संरक्षण देतो. असे असताना लोक परवान्याचे पैसे का मोजतात? एक तर नावाचा लौकिक विकत मिळतो. दुसरे म्हणजे, दुसऱ्या देशात झालेल्या चुका पुन्हा कराव्या लागत नाहीत. साच्याची खरी किंमत या अनुभवाची असते.

उसनवारीची जुनी रीत

आपल्या रंगभूमीला ही रीत नवी नाही. फ्रान्सच्या मोलियेरचे एक प्रहसन आर्थर मर्फी या लेखकाने अठराव्या शतकात इंग्रजीत आणले. त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ साली 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' लिहिले आणि १९१६ साली त्याचेच संगीत 'संशयकल्लोळ' झाले. आज त्या नाटकात कोणाला पॅरिस दिसते काय? पु. ल. देशपांडे यांनी बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून १९७५ साली 'ती फुलराणी' आणली. मूळ नाटकाचा गाभा लंडनच्या वर्गवार उच्चारभेदांत आहे. तो मराठीत आणावयाचा तर शब्दांचे भाषांतर पुरेसे नव्हते. मराठी समाजातील बोलीभेद आणि त्यांना चिकटलेली प्रतिष्ठा-अप्रतिष्ठा शोधावी लागली. गोष्ट जेथे अडली, तेथेच रूपांतरकाराचे काम सुरू झाले.

दूरचित्रवाणीवरही पहिली मोठी उसनवारी चाळीस वर्षांपूर्वीची आहे. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी कौटुंबिक मालिकेतून साक्षरता आणि कुटुंबनियोजन यांचा प्रसार करण्याची एक पद्धत घडविली होती. आदर्श पात्र, वाईट पात्र आणि या दोहोंमध्ये हेलकावे खाणारे, हळूहळू बदलणारे पात्र, अशी तिची त्रिविध मांडणी असे. प्रेक्षक स्वतःला त्या तिसऱ्या पात्रात पाहतो, हे तिचे मर्म. त्याच पद्धतीवरून ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. लेखक मनोहर श्याम जोशी होते. आरंभीच्या भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश फार झाला आणि प्रेक्षक कंटाळले. तेव्हा उपदेश कमी करून घरातील ताणतणाव पुढे आणले गेले, आणि मग मालिकेने देश जिंकला. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन वडीलकीच्या नात्याने दोन शब्द बोलत. आपल्या प्रेक्षकाला ते शेवटचे दोन शब्द रुचले, कारण कीर्तनाच्या आणि पुराणाच्या शेवटी असे बोलणे ऐकण्याची त्याच्या कानांना पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती.

ब्रिटनही घेतो

साचे घडविणारा देश म्हणून ब्रिटनचा लौकिक मोठा आहे. परंतु तोही मुक्तहस्ते घेत आला आहे. तेथे १९६२ साली सुरू झालेली 'युनिव्हर्सिटी चॅलेंज' ही अमेरिकेतील 'कॉलेज बोल'वरून घेतलेली. २००५ साली बीबीसीवर आलेला 'ड्रॅगन्स डेन' जपानच्या २००१ सालच्या कार्यक्रमावरून आला. त्याचाच अमेरिकी अवतार 'शार्क टँक' २००९ साली झाला आणि डिसेंबर २०२१ मध्ये तो आपल्याकडे पोहोचला. मुखवटा घालून गाणाऱ्यांचा साचा दक्षिण कोरियातून २०२० साली ब्रिटनला गेला. 'द ट्रेटर्स' हा विश्वासघाताचा खेळ नेदरलँड्समधून २०२२ साली तेथे गेला. त्या देशातच १९९९ साली 'बिग ब्रदर' जन्मला, त्याचे हिंदी रूप २००६ साली, तेलुगू रूप २०१७ साली आणि मराठी रूप २०१८ साली आले. म्हणजे घेणे ही दारिद्र्याची खूण नव्हे. घेतलेले पचले की नाही, एवढाच प्रश्न असतो.

'बिग ब्रदर'बद्दल एकच सांगतो. ते नाव जॉर्ज ऑर्वेलच्या १९४९ सालच्या कादंबरीतून आलेले आहे. तेथे ते सर्वांवर पाळत ठेवणाऱ्या जुलमी सत्तेचे नाव होते. जे भयाचे प्रतीक म्हणून लिहिले गेले, ते पन्नास वर्षांत करमणुकीचे नाव झाले. साचा फिरताना त्यातला अर्थ कसा गळून पडतो, याचे हे उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी देत असे.

'करोडपती'ची गोष्ट

आता आपल्या सर्वांच्या घरात आलेल्या साच्याकडे वळू. 'हू वाँट्स टू बी अ मिलियनेअर' ही प्रश्नमंजूषा ब्रिटनमध्ये ४ सप्टेंबर १९९८ रोजी सुरू झाली. पंधरा प्रश्न, चार पर्याय, तीन मदती. आणि उत्तर माहीत असूनही 'नक्की ना?' या प्रश्नाने डळमळणारा माणूस. ३ जुलै २००० रोजी तिचे हिंदी रूप आले. अमिताभ बच्चन यांनी सूत्रसंचालकाच्या मिस्किलपणाच्या जागी यजमानाचे अगत्य आणले. स्पर्धकाला ते 'आप' म्हणत, खुर्चीपर्यंत नेत, त्याच्या आईवडिलांची चौकशी करीत. नियम ब्रिटनचे राहिले, घर मात्र आपले झाले. त्याच वर्षी पहिले एक कोटी जिंकणारा तरुण, हर्षवर्धन नवाथे, मराठी होता, हे आपणांस स्मरत असेल.

मराठी रूप यावयास २०१३ साल उजाडले. 'कोण होईल मराठी करोडपती' या नावाने ते ई टीव्ही मराठीवर आले आणि सचिन खेडेकर सूत्रसंचालक होते. पुढे २०१९ साली ते सोनी मराठीवर 'कोण होणार करोडपती' या नावाने आले, तेव्हा ती खुर्ची नागराज मंजुळे यांच्याकडे होती. भाषेचा विद्यार्थी म्हणून मला या नावापाशी थांबावेसे वाटते. 'करोड' हा हिंदी वळणाचा शब्द. मराठीत आपण 'कोटी' म्हणतो, श्रीमंताला 'कोट्यधीश' म्हणतो. याच साच्याचे कन्नड रूप २०१२ साली आले, त्याचे नाव 'कन्नडद कोट्यधिपती'. मल्याळी रूपाच्या नावात 'कोडीश्वरन्', आणि २०१४ साली आपल्या शेजारच्या घरांतून ऐकू येऊ लागलेल्या तेलुगू रूपाचे नाव 'मीलो एवरु कोटीश्वरुडु'. दक्षिणेच्या भाषांनी परका साचा घेतला, पण नाव आपल्या घरचे ठेवले. आपण साचा ब्रिटनचा घेतला आणि नाव हिंदीचे. लहानशीच गोष्ट आहे, पण उसने घेण्याची रीत त्यातून दिसते : आपण कित्येकदा मूळ मालकाकडून नव्हे, तर मधल्या दुकानदाराकडून घेतो.

एवढे बोलूनही त्या कार्यक्रमाचे माझ्यावर ऋण आहे. माझी थोरली बहीण चौथीपर्यंत शिकलेली. हिंदी कार्यक्रम लागला की ती भाजी निवडीत बसे आणि काही विचारले तर म्हणे, "आपल्याला काय कळतं त्यातलं?" २०१३ साली मी सुट्टीत तिच्याकडे होतो. मराठी कार्यक्रम चालू होता. संतांविषयीचा एक प्रश्न आला आणि पर्याय वाचून होण्याच्या आत आक्काने उत्तर दिले. मग शेतीचा प्रश्न आला, तेही दिले. "अरे, हे तर मला येतं!" असे ती म्हणाली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा आश्चर्य अधिक होते. सत्तरीच्या उंबरठ्यावर आपल्याला काही येते, हे तिला प्रथमच कळत होते. मी जन्मभर मराठी शिकविली. परंतु माझ्या सख्ख्या बहिणीला हे सांगणे मला जमले नव्हते. 'उसना, बाजारू कार्यक्रम' म्हणून मी ज्याची हेटाळणी केली होती, त्याने ते एका संध्याकाळी केले. प्रश्न कोणत्या भाषेत विचारला जातो, यावरून कोण जाणता आणि कोण अडाणी हे ठरते. आज येथे इतके बोलण्याचे कारण हेच आहे.

जेथे गोष्ट अडते

साचा कोठे अडतो, हे पाहण्यासाठी मी एक प्रयोग केला. फ्रान्समध्ये १९६५ पासून शब्दांचा एक खेळ दूरचित्रवाणीवर चालत आला. पुढे त्यात अंकांचीही भर पडली. ब्रिटनने तो 'काउंटडाउन' या नावाने घेतला आणि २ नोव्हेंबर १९८२ रोजी चॅनेल फोर ही वाहिनी सुरू झाली, ती याच कार्यक्रमाने. खेळ साधा आहे. स्पर्धक स्वर वा व्यंजन मागतो, अशी नऊ अक्षरे मांडली जातात, आणि तीस सेकंदांत त्यांतून सर्वांत लांब शब्द करावयाचा.

दोन वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या आधी मी मुलांकडून पुठ्ठ्याचे चौकोन कापून घेतले आणि फळ्यावर मांडले : क, म, ल, र, प, त, स, इ, आ. पहिल्याच क्षणी साचा अडला. रोमन लिपीत प्रत्येक अक्षर सुटे असते. आपल्या 'क'मध्ये 'अ' आधीच बसलेला असतो. काना, वेलांटी ही व्यंजनाला चिकटतात. जोडाक्षरांची गोष्ट आणखी निराळी. मात्रा फुकट द्याव्यात, तर खेळ फार सोपा होतो. काना-मात्रेसह पूर्ण अक्षरे मांडावीत, जशी आपल्या वृत्तपत्रांतील शब्दकोड्यांच्या चौकटींत असतात, तर नऊ अक्षरांतून फारच थोडे शब्द निघतात. म्हणून मी नियम केला : स्वराचा चौकोन एकदाच वापरता येईल, मग तो सुटा स्वर म्हणून घ्या की मात्रा म्हणून लावा.

खेळ सुरू झाला. एकाने 'परिमल' सांगितले : पाच चौकोन. लगेच घरी गोंडी बोलणारा एक मुलगा ओरडला, "परसात!" तेही पाचच. इतर मुले म्हणाली, हा मूळ शब्द नव्हे, यात सप्तमीचा प्रत्यय आहे. इंग्रजीत हा वाद सहज मिटतो. शब्दकोश समोर ठेवला की झाले. मराठीत नाम विभक्तीशिवाय फारसे हिंडत नाही. परसात, परसातून, परसातला, असा तो शब्द आपल्या तोंडी असतो. मी निर्णय दिला की एक प्रत्यय चालेल. त्याबरोबर एका शिक्षकांनी 'परिमलास' करून सात चौकोन गाठले आणि मुलांनी टाळ्या वाजविल्या.

तेवढ्यात एका मुलीने आजीच्या भजनात ऐकलेला शब्द सांगितला : 'कमलापती'. तिचेही सात चौकोन. पण चौकोन ऱ्हस्व 'इ'चा, आणि मराठी शुद्धलेखनाच्या नियमांनुसार अंत्य 'ती' दीर्घ; संस्कृतात मात्र तो 'कमलापति' असा ऱ्हस्व. शिवाय ते विष्णूचे नाव, म्हणजे विशेषनाम. त्यावर अर्धा तास चर्चा झाली. शुद्धलेखनाच्या तासाला जी मुले खिडकीबाहेर पाहतात, ती ऱ्हस्व-दीर्घावरून हिरिरीने भांडत होती! मला गुरुजींची आठवण झाली. गोष्ट अडली होती, आणि म्हणूनच शिकणे सुरू झाले होते.

काय घ्यावे, काय सोडावे

तेव्हा घेण्याजोगे साचे कोणते? मला तीन दिसतात. पहिला हा शब्दखेळ. दुसरा ब्रिटनचा १९७२ सालचा 'मास्टरमाइंड'. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या कैदेत झालेल्या चौकशीच्या आठवणीवरून निर्माते बिल राइट यांना अंधारातील एकट्या खुर्चीची ती कल्पना सुचली. तेथे स्पर्धक आपल्या आवडीचा एक विषय घेऊन येतो. भारतात तो १९९८ साली इंग्रजीतून झाला. मराठीत झाला तर कोणी वारीचा मार्ग घेऊन येईल, कोणी पैनगंगेच्या काठची पिके घेऊन येईल. मात्र त्या खुर्चीतील दरारा मी काढून टाकीन. आपला माणूस आधीच परीक्षेला भ्यालेला असतो. तिसरा बीबीसीचा २००४ सालचा वंशशोधाचा कार्यक्रम. इंग्रज माणूस त्यासाठी चर्चच्या आणि जनगणनेच्या नोंदी धुंडाळतो. आपल्याकडे त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. परंतु येथेही गोष्ट अडते. ज्यांना तीर्थयात्रा परवडली नाही आणि ज्यांना देवळाच्या पायरीवरही उभे राहू दिले नाही, त्यांची नावे त्या वह्यांत कोठून असणार? त्यांच्यासाठी महसुली दप्तर आणि वडीलधाऱ्यांची तोंडी आठवण यांचाच आधार घ्यावा लागेल. हा फरक न ओळखता साचा उचलला, तर अर्धा समाज बाहेर राहील.

सोडण्याजोगेही आहेत. जपानमध्ये १९९१ पासून एक लोभस कार्यक्रम आहे : तीन-चार वर्षांचे मूल प्रथमच एकटे दुकानात जाते आणि छायाचित्रक लपून त्याच्या मागे असतात. आमच्या लहानपणी प्रत्येक घरी हे घडतच असे. परंतु आज आपल्या गावाजवळून राष्ट्रीय महामार्ग ४४ धावतो. तेथे हा खेळ करावयाचा नाही.

मोजणीबाहेरचे प्रेक्षक

काही वर्षांपूर्वी मी शब्दखेळाची एक टाचणी एका वाहिनीकडे पाठविली आणि तीत सुचविले, की स्पर्धक आदिलाबाद, निजामाबाद, बेळगाव, बिदर येथूनही यावेत. त्यांच्या एका अधिकाऱ्याने सौजन्याने सांगितले, "सर, तुमच्याकडचे प्रेक्षक आमच्या मोजणीत येत नाहीत." तो खोटे बोलत नव्हता. मराठी वाहिन्यांचे क्रम महाराष्ट्र आणि गोवा या बाजारपेठेतील आकड्यांवरून लागतात. आपले घर तेलंगणा-आंध्रच्या हिशेबात जाते. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत याच जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा पलीकडे गेले आणि आपण येथे राहिलो. त्या रेषेने आपली भाषा बदलली नाही. पण दूरचित्रवाणीच्या दृष्टीने आपण मराठी बोलणारे असूनही मराठी प्रेक्षक नाही. २००० साली ई टीव्ही मराठी सुरू झाली ती हैदराबादेतून, हा योगायोग येथे आठवतो आणि थोडे हसूही येते.

मी याबद्दल तक्रार करीत नाही. तेलुगू ही आपल्या मुलांची भाकरीची भाषा आहे, आणि ती त्यांनी उत्तम शिकावी. परंतु ज्या भाषेत आक्काला 'मला येतं' असे म्हणता आले, त्या भाषेत त्यांना कोणी प्रश्नच विचारला नाही, तर आपल्याला काय येते हे त्यांना कसे कळावे?

याच जिल्ह्याच्या जुन्या हद्दीतील उशेगाव, केसलागुडा येथील ओझा कारागीर पितळी मूर्ती घडवितात. मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळतात, वरून पुन्हा माती लिंपतात, भट्टीत मेण वितळून जाते आणि त्या पोकळीत पितळ ओततात. मूर्ती काढावयाची तर साचा फोडावाच लागतो. म्हणून तेथे दोन मूर्ती कधी अगदी सारख्या नसतात. परक्या साच्याचेही असेच करावे, एवढेच माझे सांगणे आहे.

वाहिनीची वाट पाहण्याचे कारण नाही. कल्पनेवर मालकी नसते, हे आपण पाहिलेच. पुठ्ठ्याचे चौकोन शाळेच्या कपाटात ठेवलेले आहेत. ज्या माजी विद्यार्थ्यांनी आज देणगीची चौकशी केली, त्यांना माझी विनंती, की एक मोठा मराठी शब्दकोश शाळेस द्यावा आणि पुढील स्नेहसंमेलनात एक तासभर परीक्षक म्हणून बसावे. 'कमलापती' ग्राह्य की अग्राह्य, हा निकाल अजून लागावयाचा आहे. ती मुलगी मला भेटेल तेव्हा विचारतेच.